साउथ ब्लॉकमधला उसना पंडित

परराष्ट्र धोरणात काही बिनसले की आपल्याकडे एक ठरलेले निदान पुढे येते. साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयात, सगळे बाबू बसले आहेत, विद्यापीठांतल्या जाणकारांना तिथे दार बंद आहे. अमेरिकेसारखे प्राध्यापकांना दोन-चार वर्षे प्रतिनियुक्तीवर आत घ्या, धोरणाला अभ्यासाची बैठक मिळेल. अग्रलेखांत हे येते, परिसंवादांत येते, निवृत्त राजदूतही म्हणतात (निवृत्तीनंतरच). ज्ञानाला सत्तेशेजारी बसवा म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

या पूर्वपक्षाचा लाडका दाखला १९६२च्या चीन युद्धाचा. नेहरूंनी जाणकारांचे ऐकले नाही, संरक्षणमंत्री मेनन आणि जनरल कौल यांच्यावर विसंबले आणि देश तोंडघशी पडला. सैन्याच्या तयारीपुरते यात बरेच तथ्य आहे. सीमेच्या प्रश्नावर मात्र जाणकाराला रीतसर विचारले गेले होते, आणि तो जाणकार ऐरागैरा नव्हता.

सर्वपल्ली गोपाल. राधाकृष्णन यांचे चिरंजीव ही ओळख बाजूला ठेवली तरी पहिल्या प्रतीचे इतिहासकार. ऑक्सफर्डचे शिक्षण, लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीवरचा ग्रंथ, मग अध्यापन आणि राष्ट्रीय अभिलेखागार करून १९५४मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयाच्या इतिहास विभागाचे संचालक झाले. ऑक्टोबर १९५९मध्ये लडाखात कोंगका खिंडीजवळ चकमक होऊन भारतीय पोलीस मारले गेले. त्यानंतर नेहरूंनी गोपाल यांना लंडनला धाडले: इंडिया ऑफिसचे दप्तर तपासा आणि आपला दावा कागदावर कितपत टिकतो ते सांगा.

त्या दप्तराकडे जरा जवळून पाहायला हवे. १८६५मध्ये जॉन्सन या सर्वेक्षकाने काढलेली रेषा अक्साई चिन काश्मीरच्या पदरात टाकून कुनलुन पर्वतापर्यंत जाते. १८९९मध्ये ब्रिटिशांनी पेकिंगला पाठवलेल्या प्रस्तावात त्यातला मोठा भाग चीनकडे सोडलेला आहे. चीनने त्याला उत्तरच दिले नाही. रशियाची भीती वाढली की लंडनची रेषा उत्तरेला सरके, ओसरली की खाली येई. स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या नकाशांवरही या भागातली सीमा अनिश्चित म्हणून दाखवलेली होती. ती ठाम रेषेने आखा, असा आदेश नेहरूंनी दिला तो जुलै १९५४मध्ये. म्हणजे त्या कपाटांत दोन्ही पक्षांना पुरेल एवढा माल होता.

गोपाल १९६०च्या सुरुवातीला परतले. त्यांचा निष्कर्ष असा, की अक्साई चिनवरचा भारताचा दावा चीनच्या दाव्याहून निश्चितच भक्कम आहे. एप्रिलमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीला आले. पूर्वेला तुमचे मान्य, पश्चिमेला आमचे मान्य करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. नेहरूंनी तो धरला नाही. मग वर्षअखेरपर्यंत दोन्ही देशांचे अधिकारी पेकिंग, दिल्ली आणि रंगूनला पुरावे मांडत बसले. आपल्या पथकात गोपाल होते, आणि चिनी भाषा पेकिंगलाच शिकलेले वसंत परांजपेही होते. फेब्रुवारी १९६१मध्ये अहवाल छापून आला. पुराव्यांच्या संख्येत भारत कितीतरी पुढे. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांत युद्ध.

गोपाल यांनी हुजरेगिरी केली, असे मी म्हणत नाही. त्यांचा निष्कर्ष आजही अनेक अभ्यासकांना मान्य आहे, अनेकांना नाही; इतिहासात असे चालायचेच. मुद्दा त्यांच्या हाती दिलेल्या प्रश्नाचा आहे. दावा कोणाचा भक्कम, हा दिवाणी कोर्टाचा प्रश्न झाला. सिंकियांगहून अक्साई चिनमधून तिबेटला नेलेला रस्ता १९५७मध्ये पुरा करून बसलेला देश कागद पाहून उठून जाईल का, गेला नाही तर आपण काय करणार, या ओसाड पठारासाठी किती किंमत मोजायची, हे धोरणाचे प्रश्न. ते इतिहासकाराला कोणी विचारले नाहीत. विचारल्या प्रश्नाचे त्याने चोख उत्तर आणले आणि ताठरपणाला विद्वत्तेचे बळ मिळाले. ताठरपणाचे तेवढेच कारण होते असेही नाही. संसद तापलेली होती, आणि मार्च १९६०मध्येच बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की घटनादुरुस्तीशिवाय देशाची भूमी देता येणार नाही. पण विद्वान आत असता तर अनर्थ टळता, हे म्हणणे इथे तरी उभे राहत नाही. विद्वान आतच होता.

यावर पूर्वपक्षी अमेरिकेकडे बोट दाखवतो. दाखवू द्या. केनेडींनी हार्वर्डचे अधिष्ठाता मॅकजॉर्ज बंडी यांना आणले, एमआयटीचे आर्थिक इतिहासकार वॉल्ट रोस्टो यांना आणले. व्हिएतनामचा चिखल खोल करण्यात या दोघांचा वाटा कोणत्याही सेनापतीहून कमी नव्हता. रोस्टोंना तर विकासाच्या पायऱ्यांचा स्वतःचा सिद्धान्त होता, आणि सिद्धान्तवाल्याला माघार फार जड जाते.

‘मग गॅलब्रेथ?’ हा आक्षेप रास्त आहे. जॉन केनेथ गॅलब्रेथही हार्वर्डचेच. १९६१ ते १९६३ दिल्लीत राजदूत होते. १९६२च्या युद्धात पूर्वेकडच्या मॅकमहोन रेषेला अमेरिकेची जाहीर मान्यता मिळवून देण्यात त्यांचा हात होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी केनेडींना लिहिले की व्हिएतनाममध्ये आपण फ्रेंचांच्या जागी जाऊन बसू, वाटाघाटींनी मार्ग काढा. लष्करप्रमुखांनी ते फेटाळले. म्हणजे सल्ला बरोबर होता आणि वाया गेला. तरी तो इतक्या मोकळेपणी देता आला याचे एक कारण मला गॅलब्रेथ यांच्या रजेत दिसते. हार्वर्डची खुर्ची शाबूत होती आणि ते परतलेही. रोस्टोंना १९६९मध्ये एमआयटीने परत घेतले नाही, ते टेक्ससला गेले. किसिंजरनी १९७१मध्ये हार्वर्डवर पाणी सोडले, सत्ता सोडली नाही. आपल्या प्राध्यापकांच्या भाषेत सांगायचे तर लिएन (मूळ पदावर परतण्याचा हक्क) असलेला माणूस आणि लिएन संपलेला माणूस एकच टिपण लिहीत नाहीत.

आपल्याकडे हा विचारच होत नाही. परराष्ट्र मंत्रालयाने धोरण नियोजनासाठी बाहेरचे अभ्यासक सल्लागार म्हणून कंत्राटावर घेतले आहेत. ज्याचे कंत्राट वाढवायचे की नाही हे अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर ठरते, तो त्या अधिकाऱ्याच्या मसुद्यावर काय लिहील? बहुधा शुद्धलेखन तपासून देईल.

उसन्या पंडिताचा खरा उपयोग मला दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. रॉबर्ट जर्व्हिस हे राज्यशास्त्रज्ञ १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सीआयएत काही काळ होते. इराणचा शहा कोसळला, तेव्हा आपल्या विश्लेषकांना हे आधी का दिसले नाही याचा छडा लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांना सापडलेली चूक बारीक आहे. परिस्थिती गंभीर असेल तर शहा बडगा उगारेलच, असे सगळे धरून चालले होते. त्याने उगारला नाही, तेव्हा परिस्थिती गंभीर नाही. हे गृहीतक खोटे ठरायचे तर ते उशीर झाल्यावरच ठरणार होते. पुढे काय करावे, हे जर्व्हिसना विचारले नव्हते. तुम्ही विचार कसा केला, एवढेच त्यांनी दाखवले. आणि ते दाखवायला पद्धतशास्त्रात मुरलेला, बढतीच्या रांगेत नसलेला माणूसच लागतो. त्यांचा अहवाल बराच काळ गुप्त राहिला, पण २०१०मध्ये त्यांच्या पुस्तकात तो कोणालाही वाचता आला.

असे काम साउथ ब्लॉकमध्ये कोणी करायचे म्हटले, तर खुर्चीआधी फायली लागतील. १९६२च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३मध्ये तयार झाला. त्या वर्षी २ सप्टेंबरला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत त्यातले निष्कर्ष तेवढे सांगितले. त्याचा बराचसा भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४मध्ये इंटरनेटवर टाकला. भारत सरकारच्या लेखी तो अजूनही गुप्तच आहे.