बोस्टनची इंचपट्टी अन् आपला कांदा

परवा चांदवड मार्केटला ट्रॅक्टर लावला होता. व्यापाऱ्यानं फाळक्यापाशी दोन कांदे उचलले, पत्ती चोळली, कलर बघितला, भाव बोलला अन् पुढं सरकला. अर्धा मिनिट पण नाही. मागच्या ट्रॉलीला माझ्यापेक्षा जास्त भाव. कशाचा? साईजचा, रंगाचा, का पत्तीचा? कोणी सांगत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत फ्रेडरिक वॉ नावाच्या शेती-अर्थशास्त्रज्ञाला पडला होता. १९२७ साली तो बोस्टनच्या घाऊक भाजी बाजारात लॉटमागून लॉट मोजत बसला. तिकडं शतावरीचे कोंब भाजी म्हणून खातात. कोंब किती इंच हिरवा, जुडीत किती कोंब, अन् लॉट कितीला गेला, हे सगळं लिहिलं. हिशोब निघाला की एक इंच हिरवा रंग वाढला की डझन जुड्यांमागं साधारण ३८ सेंट जास्त मिळतात. काकडी लांब असली तर भाव चढा, जाड असली तर कमी. १९२९ ला त्यानं याचं पुस्तक काढलं. गिऱ्हाईकाची आवड त्यानं गिऱ्हाईकाला न विचारता भावातूनच मोजली.

आपल्याकडं १९३७ ला प्रतवारीचा कायदा आला, ॲगमार्क त्याच्यातलंच. पण कितीतरी बाजारांत सौदा रुमालाखाली बोटं दाबूनच व्हायचा, हत्ता पद्धत म्हणायचे. आता लिलाव उघडा आहे, भाव ऐकू येतो, कारण मात्र अजून रुमालाखालीच. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल, सरासरी एवढंच येतं. रंगाचं महत्त्व संशोधकांना माहीत नाही असं नाही. ॲग्रिफाउंड डार्क रेड, लाईट रेड, वाणाच्या नावातच रंग आहे.

मागच्या वर्षी एकाच चाळीतला कांदा दोन ट्रॉल्यांत नेला. एक तसाच, दुसरा गोल्टी अन् जोड काढून. निवडलेल्याला भाव जास्त मिळाला, पण निवडायची मजुरी वजा केल्यावर हातात जवळपास सारखंच उरलं. अर्थात दोन ट्रॉल्यांवर काही ठरत नाही, वॉनं ढीगभर लॉट मोजले होते.

म्हणून या उन्हाळ कांद्याला प्रत्येक हिशोबपट्टीच्या मागं लिहून ठेवतोय: साईज, रंग, पत्ती सिंगल का डबल, जोड किती, मजुरी किती. उमराणे, लासलगावला माल नेणाऱ्यांनी पण लिहा. दिवाळीला वह्या घेऊन बसू.