जादूच्या आधी झाडू

पर्सी अडलॉन यांच्या ‘बगदाद कॅफे’बद्दल (१९८७) एक मत इतकं रुळलं आहे की ते निकालासारखंच ऐकवलं जातं. ही म्हणे गोड परीकथा. नवऱ्याशी भांडून मोहावे वाळवंटातल्या हमरस्त्यावर उतरलेली जर्मन यास्मिन एका कळकट कॅफेत येते, जादूचे खेळ करते आणि सगळ्यांचं भलं होतं. गोरी पाहुणी कृष्णवर्णीय मालकिणीचा, ब्रेंडाचा, उद्धार करते, हा त्याच मताचा अधिक टोकदार भाग. आक्षेप पोकळ नाही. यास्मिनला परतावं लागतं तेव्हा कॅफे खरोखरच ओस पडतं.

पण पुरावा तपासू. जादू येते ती बऱ्याच उशिरा. आधी येतो झाडू. ब्रेंडा बाहेर गेलेली असताना यास्मिन तिचं तुंबलेलं ऑफिस घासूनपुसून लख्ख करते. परीकथेत यावर कृतज्ञता उमटली असती. इथे ब्रेंडा भडकते आणि सगळं सामान पुन्हा होतं तसं ठेवायला लावते. पुढे आपल्या मुलांत रमलेल्या यास्मिनवर ती डाफरते, स्वतःच्या पोरांशी खेळ म्हणून. मला मूल नाही, एवढंच उत्तर मिळतं. ब्रेंडा वरमते ती या उत्तराने. यात चमत्कार कुठे आहे?

उद्धाराच्या आरोपाला तर चित्रपटानेच आधी उत्तर दिलं आहे. ब्रेंडाला पाहताच यास्मिनच्या डोळ्यांपुढे येतं ते नरभक्षकांच्या हंड्यात आपण शिजत असल्याचं दृश्य. उद्धारकर्तीच्या डोक्यातला हा कचरा अडलॉन झाकत नाहीत.

आणि गोडवा? सलोखा अती झाला, असं सांगून गोंदणारी डेबी कॅफे सोडून जाते. टीकाकारांचा आक्षेप दिग्दर्शकाने स्वतःच पडद्यावर नोंदवून ठेवला आहे! यास्मिनला मायदेशी धाडतो तो कायदा. त्याच्यापुढे तिची जादू चालत नाही.

राहिला रूडी. वेस्टर्नपटांतल्या खलनायकीसाठी ओळखला जाणारा जॅक पॅलन्स इथे हॉलिवूडचे देखावे रंगवून निवृत्त झालेला चित्रकार आहे, आणि काय लोभस आहे! यास्मिनची चित्रं काढता काढता तो तिच्या प्रेमात पडतो. शेवटी लग्नाची मागणी घालतो. तिच्या अमेरिकेत राहण्याचा प्रश्नही त्यानेच सुटणार असतो. यास्मिन होकार देत नाही, नकारही देत नाही. ब्रेंडाशी बोलते, म्हणते.

आता वाचकांनीच न्याय करावा. उद्धार करायला आलेली बाई स्वतःच्या लग्नाचा कौल ब्रेंडाकडे मागेल का?