ट्रॉम्सो–लाँगइयरब्येन हवाई मार्ग

ट्रॉम्सो–लाँगइयरब्येन हवाई मार्ग हा नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रॉम्सो विमानतळ आणि आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड द्वीपसमूहाचा विमानतळ यांना जोडणारा मार्ग आहे. दोन्ही विमानतळ आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस आहेत. त्यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ९६० किमी (सुमारे ५२० सागरी मैल) असून थेट उड्डाणास साधारणतः १ तास ४० मिनिटे लागतात.

अंतर

ट्रॉम्सो विमानतळ सुमारे ६९°४१′ उत्तर अक्षांशावर, तर स्वालबार्ड विमानतळ सुमारे ७८°१५′ उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी भरतो. त्यामुळे या अंतराचा जवळजवळ सर्व भाग उत्तर-दक्षिण दिशेतच येतो. दोन्ही स्थळांच्या रेखांशांत सुमारे साडेतीन अंशांचा फरक आहे. मात्र रेखांशाचा जो अंश विषुववृत्तावर १११ किमी असतो, तो ७४° अक्षांशावर केवळ ३१ किमी उरतो. म्हणून या फरकाने एकूण अंतरात अगदी थोडी भर पडते.

मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशात हे अंतर वास्तवापेक्षा खूप मोठे दिसते. ७४° अक्षांशावर त्याची लांबी विषुववृत्ताच्या तुलनेत साडेतीन पटींहून अधिक ताणली जाते.

उड्डाणाचा कालावधी

ताशी ८०० किमी वेगाने हे अंतर सुमारे ७२ मिनिटांत कापता येते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि वाऱ्याची दिशा यांमुळे वेळापत्रकातील कालावधी त्याहून अधिक असतो. वाटेत बेरेंट्स समुद्राच्या पश्चिम भागातील ब्यॉर्नोया हे बेट मार्गाच्या जवळ येते. दोन्ही ठिकाणी एकच प्रमाणवेळ पाळली जाते. नॉर्वे शेंगेन क्षेत्रात असले तरी स्वालबार्ड त्याबाहेर असल्याने प्रवाशांची पारपत्र तपासणी होते.

स्वालबार्ड विमानतळ

हा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. त्याची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. जमिनीचा वरचा थर वितळल्यास पृष्ठभाग असमान होतो व दुरुस्ती करावी लागते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत येथे सूर्य क्षितिजावर येत नाही. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून येणारे व्नुकोवो एअरलाइन्सचे तुपोलेव्ह-१५४ विमान उतरण्याच्या तयारीत असताना ऑपेराफ्येलेट या डोंगरावर आदळले. त्यातील सर्व १४१ जण मृत्युमुखी पडले.

महत्त्व

स्वालबार्डला मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता किंवा लोहमार्ग नाही. लाँगइयरब्येनचे रुग्णालय लहान असल्याने गंभीर रुग्णांना विमानाने ट्रॉम्सो येथील विद्यापीठ रुग्णालयात हलवले जाते. गर्भवती स्त्रियाही प्रसूतीपूर्वी मुख्य भूमीवर जातात. त्यामुळे येथील रहिवाशांच्या दृष्टीने या मार्गाचे अंतर म्हणजे विशेषज्ञ उपचारांपर्यंतचे अंतर होय. हवामान बिघडून विमानसेवा खंडित झाल्यास त्याचा परिणाम थेट आरोग्यसेवेवर होतो.

भारताशी संबंध

भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुन येथे कार्यरत आहे. तेथे जाणारे संशोधक लाँगइयरब्येनपर्यंत नियमित विमानाने व तेथून सुमारे ११० किमीचा पुढील प्रवास लहान विमानाने करतात.