वार्धक्याच्या ठेवीतून घर

कॅनडात १९५७ साली निवृत्तीसाठी संचय करणाऱ्यास करसवलत देणारी जी ठेव-योजना निर्माण झाली, तिच्यातून घरखरेदीसाठी २०,००० डॉलरपर्यंत रक्कम करमुक्त उचलण्याची मुभा, मंदीने गारठलेल्या गृहबांधणीस चालना मिळावी म्हणून, १९९२ च्या अंदाजपत्रकाने दिली. मुभा तात्पुरती होती. परंतु लोकप्रिय सवलत मागे घेण्याचे धैर्य कोणत्याही खजिन्यास सहसा होत नाही, आणि १९९४ मध्ये, पहिलेच घर घेणाऱ्यांपुरती, ती कायम झाली.

परतफेडीची मुदत पंधरा वर्षे. येथे ऋणको आणि धनको एकच, व्याजही नाही. तथापि खात्यात भरलेली रक्कम आपोआप परतफेड ठरत नाही, वार्षिक करपत्रकाच्या सातव्या परिशिष्टात खातेदाराने तिची तशी नोंद स्वतः करावी लागते, आणि त्या रकमेवर वजावट मिळत नाही, कारण ती पूर्वीच घेतलेली असते. हप्ता चुकल्यास जप्ती नाही की तगादा नाही; थकबाकी त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवून तिच्यावर कर आकारला जातो. ही शिक्षा भासते तितकी सौम्य नव्हे, कारण तेवढ्या रकमेपुरता करसवलतीच्या संचयाचा हक्क कायमचा जातो.

२०२४ साली उचलीची मर्यादा ६०,००० डॉलरवर गेली. परतफेडीची मुदत मात्र पंधरा वर्षेच राहिली.