चौकटचा एक्का लपवणारा पत्तेबाज

फ्रेंच बरोक चित्रकार झॉर्झ द ला तूर (1593–1652) याचे पत्त्यांच्या डावावरील विख्यात चित्र. कॅनव्हासवर तैलरंग, सु. 106 × 146 सेंमी. काळ बहुधा 1635 ते 1638 दरम्यानचा. चित्रावर स्वाक्षरी आहे, सन नाही.

रचना : टेबलाभोवती कमरेपर्यंत दिसणाऱ्या चार व्यक्ती. डावीकडे पत्तेबाज, मध्यभागी मोत्यांचा कंठा घातलेली गणिका, तिच्याजवळ मद्याचा पेला घेऊन उभी दासी आणि उजवीकडे भरजरी कपड्यांतला कोवळा तरुण. पहिल्या तिघांची एकच दाटी झाली आहे. तरुण मात्र मोकळी जागा सोडून वेगळा बसवला आहे. डाव कोणाविरुद्ध चालला आहे, हे या एका अंतरावरूनच कळते. गणिका आणि दासी यांचे डोळे तिरके वळलेले. माना मात्र जागच्या हललेल्या नाहीत. गणिकेचा अंडाकृती, गुळगुळीत चेहरा स्तब्ध आहे. हालचाल आहे ती हातांत. तिचे बोट पत्तेबाजाला खुणावते, दासीचा हात पेला पुढे करतो, पत्तेबाजाचा एक हात पाठीमागे कमरपट्ट्यातून चौकटचा एक्का काढतो. तो एक्का फक्त प्रेक्षकाला दिसतो. तरुण आपल्या पत्त्यांत गढलेला आहे आणि त्याच्यापुढे सोन्याची नाणी पडली आहेत. हातांची ही ओळ डावीकडून उजवीकडे सावकाश वाचावी. चित्राची सारी कथा तिच्यात आहे.

प्रकाश : ला तूर मेणबत्तीच्या उजेडातल्या रात्रदृश्यांसाठी अधिक ओळखला जातो. येथे दिवा नाही. डावीकडून येणारा थंड, स्वच्छ उजेड आहे आणि मागे खिडकी, भिंत, सामान यांपैकी काहीही नसलेला काळोख. उजेड पत्तेबाजाच्या मागून येत असल्याने त्याचा चेहरा सावलीत राहतो, तर तरुणाचा चेहरा व जरीकाम पूर्ण उजळते. ज्याला सर्व माहीत आहे तो अंधारात आणि ज्याला काहीच माहीत नाही तो लख्ख उजेडात, ही योजना बरोक छायाप्रकाशाच्या अत्यंत विचारपूर्वक केलेल्या उपयोगांपैकी एक मानावी लागेल. काराव्हाद्जोच्या याच विषयावरील चित्रात (सु. 1595) साथीदार खेळाडूच्या खांद्याआडून डोकावून बोटांनी खूण करतो, तेथे घाई आहे. ला तूरने ती काढून टाकली.

अर्थ : मद्य, स्त्री व जुगार यांच्या मोहाविरुद्ध इशारा, असा अर्थ सामान्यतः लावतात. काही अभ्यासक बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेशी संबंध जोडतात.

दुसरी प्रत : किलवरच्या एक्क्याची आवृत्ती अमेरिकेत फोर्ट वर्थ येथील किंबेल कला संग्रहालयात आहे. मांडणी जवळपास तीच. पोशाख व रंग यांत फरक. ती सामान्यतः आधीची समजली जाते.

चित्रकार : लोरेन प्रांतातील व्हिक-सुर-सेय येथे जन्म, ल्यूनेव्हिल येथे वास्तव्य व मृत्यू.

इतिहास : मृत्यूनंतर ला तूर जवळजवळ विस्मृतीत गेला आणि त्याची चित्रे इतरांच्या नावावर जमा झाली. जर्मन कलेतिहासकार हेर्मान फोस याने 1915 मध्ये त्याची ओळख पुन्हा पटवून दिली. प्रस्तुत चित्र संग्राहक प्येर लांद्री याला 1926 मध्ये पॅरिसमध्ये मिळाले. 1934 मध्ये तेथील ओरांझरीत सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तवदर्शी चित्रकारांचे जे प्रदर्शन भरले, त्यातून ला तूरचे नाव सामान्य रसिकांपर्यंत पोहोचले. लूव्र संग्रहालयाने हे चित्र 1972 मध्ये संपादन केले.