नाव न विचारलेली माणसं

१० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. ॲमस्टरडॅममध्ये एका इमारतीच्या मागच्या भागात नाझींपासून लपून राहिलेल्या तेरा वर्षांच्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीने त्याच महिन्याच्या अखेरीस त्या उपोषणाची नोंद आपल्या डायरीत केली. गांधीजी पुन्हा जेवू लागल्याचंही तिने मार्चमध्ये लिहून ठेवलं. आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात हीच बातमी तोंडोतोंडी आली. आजी सांगायची, "गांधीबाबा जेवंना झालाय, आसं कुनीतरी भोराच्या बाजारात ऐकून आलं. तवा माझ्या आयनं येक येळचं जेवान सोडलं."

ॲनचा जन्म १२ जून १९२९ चा, फ्रँकफर्टचा. आजीची जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती. पण बेचाळीस साली आपण बारा-तेरा वर्षांच्या होतो, असं ती ठामपणे सांगायची. दोघी एका वयाच्या. हे लक्षात आल्यापासून मला ती डायरी आजीच्या गोष्टींना बाजूला ठेवून वाचताच येत नाही.

भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं. आजीचं माहेर त्याच संस्थानातल्या गुंजवणीच्या खोऱ्यात. ९ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत' चळवळीच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली, चळवळीतली माणसं भूमिगत झाली आणि त्या पावसात एक तरुण आजीच्या घरी आला. गोठ्यावरच्या माळ्यावर, पेंढ्यात, त्याला ठेवलं. घरातल्या मोठ्या माणसांचं वर जाणं नजरेत भरलं असतं, म्हणून भाकरी पोचवायचं काम पोरीकडे आलं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती गोठ्यात शिरायची; भाऱ्याच्या पोटात फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आईने तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, वर बघून बोलायचं नाही. दुसरी, नाव विचारायचं नाही.

"आन् भाकरी जादा थापायची न्हाई," आजी पुढे सांगायची. "चुलीम्होरं बसल्याली बाई शेजारनीच्या हाताचा आवाज मोजती. दोन भाकरी जादा झाल्या की गावाला कळतं." म्हणून त्या दिवसांत घरातल्या बायकांनी आपल्या वाट्याची अर्धी अर्धी भाकरी काढून ठेवली. एका रात्री तो तरुण निघून गेला, पुन्हा कधी दिसला नाही.

ॲमस्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्त २६३ या पत्त्यावर लपलेली माणसंही अशाच हिशेबावर जगली. फ्रँक कुटुंब ६ जुलै १९४२ ला तिथे लपलं. आदल्याच दिवशी ॲनच्या थोरल्या बहिणीला, मार्गोटला, जर्मनीत कामाच्या छावणीवर हजर होण्याचा हुकूम आला होता. पुढे व्हान पेल्स कुटुंबातले तिघे आणि दाताचे डॉक्टर फ्रिट्झ फेफर आले, आणि आठ तोंडं झाली. ॲनच्या वडिलांच्या, ओट्टो फ्रँक यांच्या, कंपनीचं कार्यालय याच इमारतीत होतं. खाली गोदामात कामगार असत, त्यामुळे दिवसा पाऊल वाजवायचं नाही, संडासात पाणी सोडायचं नाही. कार्यालयातली मीप खीस, बेप फोस्काउल, कुग्लर आणि क्लाइमन ही चौघं आणि मीपचे पती यान यांनी त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ जगवलं. रेशनची जादा कुपनं चोरवाटेने मिळवायची आणि आठ जणांचं सामान कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने आणायचं. त्यांना भाजी पुरवणाऱ्या दुकानदाराने स्वतःच्या घरी दोन ज्यू लपवले होते. मे १९४४ मध्ये त्याला पकडलं. ॲनने त्याचंही दुःख डायरीत लिहिलं आहे.

मी आजीला ॲनची डायरी थोडी थोडी वाचून दाखवलं, तेव्हा तिने विचारलं, "ज्यू म्हंजी कोन?" कोकणातले बेने इस्रायल, तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, असं मी म्हणताच तिला ओळख पटली. मिठासाठी घाट उतरून जाणाऱ्या तिच्या आज्याने त्यांच्याबद्दल सांगितलेलं होतं. "ती तर आपल्यावानीच बोलत्यात. त्यांनी काय केलं हुतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि दोन गोष्टींमधला फरक इथेच आहे. आमच्या माळ्यावरचा माणूस काहीतरी करून आला होता, सरकारशी भांडून आला होता. पकडला असता तर तुरुंगात गेला असता. फ्रँक मंडळींचा गुन्हा ज्यू म्हणून जन्माला येण्याचा होता. नेदरलँड्समधून सुमारे एक लाख सात हजार ज्यूंना छावण्यांकडे नेलं. त्यांतले जेमतेम पाच हजार परतले. सत्तेपासून लपणं तेवढं सारखं, म्हणून दोन्ही दुःखं एका मापाने मोजणं चूक होईल.

२८ मार्च १९४४ ला लंडनहून रेडिओ ऑरान्येवर डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी लोकांना आवाहन केलं : तुमच्या डायऱ्या, तुमची पत्रं जपून ठेवा, युद्धानंतर ती गोळा करू. ॲनने ते ऐकलं आणि मे महिन्यात आपली डायरी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. १ ऑगस्टची नोंद शेवटची. ४ ऑगस्टला सगळे पकडले गेले. आधी वेस्टरबोर्क, मग आउशवित्झ, आणि दोघी बहिणींसाठी पुढे बेर्गेन-बेल्सेन, अशा छावण्या. १९४५ च्या सुरुवातीला मार्गोट आणि ॲन तिथे टायफसने गेल्या. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली. आठांपैकी परत आले ते एकटे ओट्टो.

ॲनच्या डायरीचे विखुरलेले कागद मीप आणि बेप यांनी उचलले, आणि मीपने ते न वाचता टेबलाच्या खणात ठेवले. वाचले असते तर जाळावे लागले असते, असं तिने पुढे सांगितलं, कारण मदत करणाऱ्यांची नावं त्यांत होती. मुलींच्या मृत्यूची खात्री पटल्यावर तिने ते बापाच्या हाती दिले. २५ जून १९४७ ला पुस्तक निघालं. आज जगभरच्या भाषांत ते वाचलं जातं, आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्या हस्तलिखितांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

आमच्याकडे नाव विचारायचं नाही हे शहाणपण होतं, आणि त्या शहाणपणाने एक माणूस तेव्हा पकडला गेला नाही. पण स्वातंत्र्य मिळाल्यावरही कुणी ते नाव विचारलं नाही. तो कुठला, पुढे जगला का, हे आता कळायला मार्ग नाही. ज्या बायकांनी अर्धी भाकरी काढून ठेवली, त्यांची नावं तर कुठल्याच यादीत शोधायची सोय नाही. आजीही आता नाही. ती बोलत होती तोवर मी तिची एकच वही भरली, आणि ती फार अपुरी आहे.

बेचाळीस साली जी पोरं होती, ती आज नव्वदीच्या आसपास आहेत. भोर आणि वेल्ह्याच्या घराघरांत अशी एखादी आजी, एखादा आजोबा अजून ओसरीवर बसलेला आहे. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे : या दिवाळीच्या सुट्टीत एक वही घ्या आणि त्यांच्यापाशी बसा. गाव लिहा, साल लिहा, कोण आलं, कुठे ठेवलं, काय खायला दिलं, कुणी पाणी नेलं, ते सगळं त्यांच्याच बोलीत लिहा. आणि आता भीती उरलेली नाही, तेव्हा नावं नक्की विचारा.