चिन्हांचा मुखवटा: पडद्यावरील गणिताचा इतिहास

१/ शोधनिबंधात ‘≤’ च्या जागी पौंडाचे ‘£’ उमटले, तर विधानाचा अर्थच नाहीसा होतो. संगणकाच्या पडद्यावर असे कित्येक वर्षे घडत असे. त्यामागची ही कथा.

२/ १९७७ साली डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. अक्षरजुळणी इतकी निकृष्ट होती की त्यांनी स्वतःच ‘टेक’ ही प्रणाली रचली आणि ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ हे फॉन्ट घडवले. छापील गणित पुन्हा देखणे झाले.

३/ पडद्याचा प्रश्न निराळा होता. तेव्हाच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असत. म्हणून ‘सिम्बॉल’ या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘ए’ च्या जागी ‘α’, तर पौंडाच्या जागी ‘≤’ बसवले गेले. संगणकाच्या लेखी मात्र तो पौंडच! फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडे. जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य दिसे, तोही याच कारणाने.

४/ युनिकोडने प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक दिला. गणितात ठळक आणि तिरपे अक्षर भिन्न राशी दर्शवू शकते. म्हणून २००१ च्या ३.१ आवृत्तीत अशा अक्षरांची जवळपास हजार रूपे समाविष्ट झाली. पण क्रमांकाला आकारही हवा. २०१० मध्ये सहा विज्ञान-प्रकाशन संस्थांच्या प्रकल्पातून ‘स्टिक्स’ फॉन्ट विनामूल्य उपलब्ध झाले.

५/ वरचे ‘≤’ आपल्याला जसेच्या तसे दिसले ना? एका चिन्हाला स्वतःची ओळख मिळाल्याचा तो पुरावा आहे.